आधीच्याचं पीठ

माण, ता. मुळशी
१२ नोव्हेंबर २००६

चि. क्षितिजास नानाचे अनेक आशीर्वाद.

तुला विलायतेला धाडायला काय पडलं, असं गावात रोज कुणीतरी विचारतं. बँकेचा आकडा सांगितला की त्यांचं समाधान होतं, पण तो काही खरा खर्च नव्हे. खरा खर्च असा. तुझ्या आईचं माझ्याशी बोलणं गणपतीपासून बंद आहे, कारण पोरीला फूस लावली ती मीच. जर्शी गाय तुझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देईना, ती मुठ्याच्या पाहुण्यांना देऊन टाकली. आणि गिरणीत ‘गव्हाआधी बाजरी घालू नका’ म्हणून बायांवर ओरडणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे निम्मं गाव करड्या पोळ्या खातंय. एवढं सगळं धरून मी म्हणतो, स्वस्तात पडलं.

पत्र अशासाठी लिहितोय की फोन लावला की सगळं घर कान टवकारून बसतं. तुझी आई मागून खुणा करते, तुझा बाप ‘बिल वाढतंय’ म्हणतो. पत्रात माणसाला मधेच कुणी तोडत नाही. सातवी नापास माणसाचं अक्षर गोड मानून घे.

तू तिकडे कसल्या लोकांत आहेस, जेवतेस काय, तुझी मातीतली ओल मोजायचं काम कुठवर आलं, सगळं कळव. तिकडे कुणी विचारलं, तुझा चुलता काय करतो, तर बेधडक सांग. हमाली केली, टेम्पो चालवला, गिरणी टाकली, गिरणीवर खोल्या बांधल्या. आणि हेही सांग की एकनाथच्या गिरणीतून आजवर कुणाचा डबा दळल्यावाचून माघारी गेला नाही. जात विचारली नाही, भांडण विचारलं नाही. लातूरचे, अकोल्याचे कॉम्प्युटरवाले पोरगे गावाकडची ज्वारी घेऊन येतात, त्यांचीही दळतो.

इथे आयटी पार्कच्या नव्या टप्प्याला जमीन घ्यायच्या नोटिसा आल्यात. देवळापुढे रोज बैठका चालू आहेत. बघू काय होतंय.

तुझा
नाना

*

इंग्लंड
२१ जानेवारी २००७

ती. नानांस क्षितिजाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं, म्हणजे इंग्रजीत सांगितलं. करड्या पोळ्यांना ती फार हसली. तिचं नाव रीम. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसची. तिचा धाकटा भाऊ तिकडे कॉलेजात आहे, पण मधे इस्रायली लष्कराच्या चौक्या आहेत. आज सोडतात, उद्या सोडत नाहीत. परीक्षेच्या दिवशीसुद्धा तो अर्ध्या वाटेतून परत आलाय.

आता माझी अडचण. माझ्या प्रबंधाचा निम्मा भाग इस्रायलमधल्या एका प्रयोगशाळेवर अवलंबून आहे. तिथल्या अव्नेर नावाच्या प्राध्यापकांनी पाणी मातीत किती खोल उतरतं ते जिवंत मुळाशी मोजायचं यंत्र बनवलंय. ऑगस्टमध्ये मी तिकडे जायचं ठरलेलं आहे. यंत्र दुसरीकडे कुठेच नाही. आणि इथल्या विद्यार्थी संघटनेत ठराव आलाय की तिथल्या विद्यापीठांवर बहिष्कार घालायचा. तिकडे जायचं नाही, तिकडच्यांना बोलवायचं नाही, त्यांच्याबरोबर मिळून काही लिहायचं नाही. प्राध्यापकांतही हाच वाद पेटलाय. आमच्या विभागात माणसं आता चहासुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर घेतात.

झायनवाद हा शब्द तुम्ही ऐकला नसेल. ज्यूंचं स्वतःचं राज्य असावं आणि ते त्याच भूमीत असावं, हा तो विचार. काही म्हणतात, या विचाराला विरोध म्हणजे ज्यूंचाच द्वेष. काही म्हणतात, त्या राज्यापायी ज्यांची घरं गेली त्यांनी विरोधही करायचा नाही का? या एका प्रश्नावर इथे रोज गळे बसतात.

ठराव लिहिणाऱ्यांत रीम आहे. तिनं मला ‘जाऊ नको’ असं एकदाही म्हटलेलं नाही. तेच जास्त जड जातंय. माझे मार्गदर्शक म्हणतात, संघटनेचं मत आपल्यावर बंधनकारक नाही, पण तुझं तू ठरव.

आईनं फोनवर सांगितलं की गावानं चंद्रकांतकाकांना वाळीत टाकलंय. खरं का? आणि मग तुम्ही गिरणीत काय करता?

तुमची
क्षितिजा

*

माण
१८ फेब्रुवारी २००७

चि. क्षितिजास आशीर्वाद.

खरं आहे. गावानं ठरवलं होतं, जमिनीच्या संमतीवर कुणी सही करायची नाही. चंद्रकांतनं गुपचूप केली. वाटणीत त्याच्याकडे वरचा खडक आला होता. म्हणाला, “खडकच इकला ना? तुमच्या पोटात का दुखतंय?” बैठकीत विठ्ठलराव उठून म्हणाले, “एकाची सही झाली की सरकार म्हनतं गाव तयार हाय. तुझा खडक न्हाई इकला तू, आमची भातं इकली.” आता दोघांचंही मला पटलं, इथेच माझी पंचाईत. मला दोन्ही कान आहेत, आणि दोन्ही चालतात.

मग ठरलं. चंद्रकांतच्या घराशी व्यवहार बंद. न्हावी जाणार नाही, दूध जाणार नाही, लग्नाकार्याला कुणी जाणार नाही. विठ्ठलराव मला म्हणाले, “एकनाथा, तुझ्या गिरणीचं काय?” मी सगळ्यांसमोर सांगितलं, “गिरणीला मी कुणाचं नाव सांगत न्हाई. दाना आला की ती दळती.” तुझ्या तिकडच्या वादात कुणी असं बोललं का?

पण एक गोष्ट तुला माहीत आहे, तुझ्या रीमला नाही. गिरणीच्या दगडात आधीच्याचं पीठ थोडं राहतंच. ते पुढच्याच्या डब्यात जातं. कितीही झटका, जातंच. म्हणून बाया रांगेत आपल्यापुढे कोण आहे ते बघून उभ्या राहतात. चंद्रकांतची बायको शुभांगी डबा घेऊन आली, तर तिच्यामागे कुणी उभं राहीना. भरलेली रांग, पण तिच्या पाठीशी मोकळी जागा. कुणी बोलत नव्हतं. तुला सांगतो, गिरणीच्या आवाजात मी बायांची कुजबुज ओळखतो, पण असली शांतता पहिल्यांदा ऐकली.

त्या दिवशी नेमकी मोटर तापली होती. म्हटलं, “वहिनी, उद्या या.” म्हणजे माघारी नाही पाठवलं, फक्त उद्यावर टाकलं.

तर तू म्हणतेस तो बहिष्कार मला चांगला कळतो. ज्याच्याकडे पोलीस नाही, वकील नाही, त्याच्याकडे एवढंच असतं, बोलायचं नाही. पण तो लागतो कुणाला बघ. सही केली चंद्रकांतनं, डबा होता शुभांगीच्या डोक्यावर.

तू ठरवशील ते बरोबर ठरवशील. नानाच्या गिरणीत वाढलेली आहेस.

नाना

*

इंग्लंड
२५ मार्च २००७

ती. नानांस शि. सा. नमस्कार.

नाना, परवा सभा झाली. तुम्ही हवे होतात, तुमचे कान निवले असते. सभागृह भरून माणसं पायऱ्यांवर बसलेली, भिंतींना टेकून उभी. मला वाटलं होतं मारामारी होईल. तसं काही झालं नाही. जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही.

एक मुलगी उठली. ती ज्यू. म्हणाली, “माझ्या आजोबांना विद्यापीठाच्या दारातून परत पाठवलं होतं, ते कोण आहेत एवढ्याच कारणासाठी. आज तुम्ही दार बंद करताना कारण वेगळं सांगताय. मला आवाज तोच ऐकू येतो.” मग एक मुलगा उठला. तोही ज्यू. तो म्हणाला, “माझ्याही आजोबांना परत पाठवलं होतं. म्हणूनच मी या ठरावाच्या बाजूनं आहे. माझ्या नावानं दुसऱ्या कुणाला दारात अडवलेलं मला चालणार नाही.” नाना, दोघं एकाच बाकावरून उठले होते आणि बोलून झाल्यावर तिथेच शेजारी जाऊन बसले.

इथला नियम असा की एक बोलणारा ठरावाच्या बाजूनं, मग एक विरोधात. एका बाजूची माणसं संपली की चर्चा बंद आणि थेट मतदान. रीमचा नंबर शेवटी होता, आणि विरोधातले बोलणारे संपले. अध्यक्ष म्हणाले, आता मतं घेऊ. रीमचा चेहरा पाहिला. एवढे महिने त्या ठरावासाठी राबली आणि तिलाच बोलायला मिळणार नव्हतं.

मी हात वर केला. म्हटलं, मी विरोधात बोलते.

खरं सांगते, तिला नंबर मिळावा म्हणून उठले की माझं यंत्र हातचं जाऊ नये म्हणून, ते मला अजून कळत नाही. माईकपुढे गेले आणि डोक्यात काहीच नव्हतं. होती फक्त तुमची गिरणी. मी म्हटलं, “माझ्या गावात एका घराला वाळीत टाकलंय. पण माझ्या काकांच्या गिरणीतून कुणाचा डबा माघारी जात नाही. दगडात आधीच्याचं पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. ज्ञानाचंही तसंच आहे. माझ्या प्रबंधात कुणाकुणाचं पीठ आहे ते मला निवडून काढता येणार नाही, आणि मला ते काढायचंही नाही.” लोक टाळ्या वाजवत होते, नाना. तुमच्या गिरणीला!

मग रीम उठली. माझ्याकडे बघूनच बोलली. “गिरणीवाला चांगला माणूस आहे. पण माझ्या भावाचं दळण रोज वाटेत अडतं. त्याचं पीठ कुणाच्याच डब्यात जात नाही, आणि त्याची जगाला चवही कळत नाही. तो रांगेतच नाही, म्हणून तुम्हाला रांग सुरळीत दिसते. गिरणी एक दिवस बंद राहिली, तरच लोक विचारतील की कोण आलं नाही.”

मी विरोधात बोलले होते, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. खोलीवर येताना तिनं माझ्या गळ्यात स्वतःचा मफलर टाकला. वाटेत म्हणाली, “तू प्रयोगशाळेत जा. माझा बहिष्कार त्या विद्यापीठावर आहे, तुझ्यावर नाही. दोन्हीत फरक करता येतो का, ते मलाही बघायचंय. आणि गेलीसच तर माझ्या आईला भेटून ये.”

मी अजून ठरवलेलं नाही.

क्षितिजा

*

माण
२२ एप्रिल २००७

चि. क्षितिजास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा गिरणी चालू होती. मी मोटर बंद केली आणि उभ्यानं वाचलं, मग रांगेला वाचून दाखवलं. बाया डबे खाली ठेवून ऐकत होत्या. अगं, ग्रामपंचायतीत आम्ही गटारीच्या पाइपवरून एकमेकांच्या गचांड्या धरतो, आणि तुम्ही पोरी जगातल्या सगळ्यांत अवघड भांडणावर बोलता आणि घरी जाताना मफलर देता? विरोधकाला बोलायला मिळावं म्हणून आपण त्याच्या विरोधात उभं राहायचं, हे मी साठ वर्षांत ऐकलं नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात.

पेढे वाटले. ‘आपली गिरणी इंग्लंडात गाजली’ असं सांगितलं. विठ्ठलरावांनीसुद्धा एक घेतला, तोंड वाकडं करून. तेवढ्यात गोजराबाई, आपली पलीकडच्या आळीची म्हातारी, पेढा चघळत म्हणते कशी, “व्हय रे एकनाथा, आन ती मोटर? दुसऱ्या दिशी थंड झाली व्हती का?” बाया तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारीचं वय झालं, काहीबाही बोलते.

चंद्रकांतचं मिटत आलंय. नोटिशीतून भातखाचरं वगळायचं म्हणतात, नुसता माळ घेणार. मग गावाचा राग कशाला टिकेल?

जायचं की नाही ते तू ठरव. मी सांगणार नाही. पण गेलीस तर त्या माउलीला भेटल्यावाचून येऊ नकोस.

नाना

*

नाब्लुसहून परतल्यावर
९ सप्टेंबर २००७

ती. नानांस शि. सा. नमस्कार.

मी शेवटी इस्रायलला आले. यंत्र पाहिलं. माती न उकरता मुळाशी पाणी पोचताना पडद्यावर दिसतं, नाना. काळ्या मातीत उजेड उतरावा तसं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं, आणि अव्नेर सरांनी तो शब्द पाठ केला. आता रोज सकाळी यंत्र सुरू झालं की ते म्हणतात, “अगं बाई!”

एकदा त्यांनी विचारलं, “तुमच्या ठरावात माझं नाव होतं?” म्हटलं, नाही, विद्यापीठाचं होतं. ते म्हणाले, “या चौक्यांविरुद्ध मी रस्त्यावर उभा राहतो तेव्हा इथले लोक मला फितूर म्हणतात. बाहेर गेलो की मी चौक्यावाल्यांचा माणूस होतो. मग मी नेमका कुणाचा, तेवढं सांग.”

नाब्लुसला तेच सोडायला आले. त्यांच्याच सरकारचा नियम आहे की इस्रायली माणसानं त्या शहरात जायचं नाही. चौकीच्या अलीकडे गाडी लावली, पुस्तक काढलं आणि म्हणाले, “मी इथे आहे.” पुढे लोखंडी फिरतं दार. माझा पासपोर्ट बघून मला झटकन सोडलं. बाजूच्या रांगेत म्हातारी माणसं, पोरं, हातात कागद धरून उन्हात उभी. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. तुम्ही लिहिली होतीत ना, तसली शांतता. मी तिथून चालत गेले आणि मला माझ्या पायांची लाज वाटली.

रीमची आई कणीक मळत होती. मला बघून हात न धुताच मिठी मारली, माझ्या कुर्त्याला अजून पीठ आहे. भाऊ घरीच होता, त्या दिवशीही त्याला सोडलं नव्हतं. तो आमचं बोलणं एकमेकींना सांगत होता. मी त्यांना सभेची हकिकत सांगितली, रीम काय बोलली ते सांगितलं, तेव्हा त्या नुसत्या रडत हसत होत्या. मग तुमची गिरणी सांगितली. बैठकीत तुम्ही काय म्हणालात, शुभांगीकाकूच्या मागे कुणी उभं राहीना, मोटर तापली, ‘उद्या या’, सगळं.

त्यांनी मळता मळता हात थांबवला आणि विचारलं, “मग त्या बाईला पीठ मिळालं?”

मी म्हटलं, मिळालंच असणार.

त्या म्हणाल्या, “असणार नको. विचार.”

नाना, एवढ्या मोठ्या सभागृहात हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. मलाही नाही. परत आले तेव्हा ऊन कललं होतं. अव्नेर सर गाडीला टेकून होते तिथेच होते. मी गाडीत बसले. त्यांनी कुर्त्यावरचं पीठ बघितलं आणि गाडी हळू चालवली.

विचारते आहे. शुभांगीकाकूंचं दळण दुसऱ्या दिवशी झालं ना? त्या माउलीला मी काय कळवू?

तुमची
क्षितिजा

*

माण
१४ ऑक्टोबर २००७

चि. क्षितिजास आशीर्वाद.

पत्र पोचलं. या खेपेला रांगेला वाचून दाखवलं नाही. गिरणी बंद केल्यावर, दगड निवल्यावर, एकट्यानं वाचलं. तो प्राध्यापक आणि ती आई, मधे एक फिरतं दार, आणि तू आपल्या माणची पोर दोघांचं मीठ खाऊन आलीस. जग एवढं मोठं आहे आणि एवढं जवळ, हे मला गिरणीच्या ओट्यावर बसून कळायचं होतं. तुझ्या आईलाही दिलं वाचायला. तिनं वाचलं, आणि गणपतीपासून पहिल्यांदा, म्हणजे गेल्या वर्षीच्या गणपतीपासून, मला म्हणाली, “भावजी, चहा घेता का?”

इकडचं सांगतो. खाचरं वाचली. गावानं बैठक घेऊन चंद्रकांतला परत घेतलं. त्याच्या धाकट्या मुलीच्या साखरपुड्याला अख्खं गाव जेवलं. विठ्ठलराव वाढायला होते, मी पाण्याला. न्हावी जातो, दूध जातं. चंद्रकांत गिरणीच्या ओट्यावर येऊन बसतो, तंबाखू मागतो, नव्या टप्प्याच्या गप्पा मारतो. शुभांगी रस्त्यात भेटली की पदर सारखा करून “काय नाना, क्षितिजा बरी हाय ना?” विचारते. राग नाही. मी कान देऊन ऐकलं, आवाजात खरंच राग नाही.

तू माझ्या गिरणीच्या नावावर तिथे उभी राहिलीस, टाळ्या घेतल्यास. त्या टाळ्या तुझ्या आहेत, त्या ठेव. रीमच्या आईला मात्र जसं आहे तसं कळव.

शुभांगी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिचं दळण आजही शेजारच्या मारुंजीला जातं.

नाना